अकस्मात मृत्यूचे पंचनामे करणाऱ्यांची झोप उडते, यावर उपचार असतो का?

चाफेकळी | ११ मे, रात्री ११.५२

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर पोलीस खात्यात सहायक फौजदार आहेत. तालुक्याच्या ठाण्यात अकस्मात मृत्यूचं काम बरंचसं त्यांच्याकडेच येतं. खात्यात त्याला नुसतं 'ए.डी.' म्हणतात. सर्पदंश, विजेचा धक्का, विषबाधा, गळफास, बुडालेले, रस्त्याकडेला बेवारस सापडलेले असे सगळे ए.डी. रजिस्टरला चढतात. मग जागेवर जायचं, दोन पंच बोलवायचे, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, प्रेत पी.एम.ला, म्हणजे शवविच्छेदनाला, रवाना करायचं, आणि रडणाऱ्या माणसांचे जबाब घ्यायचे. सोळा वर्षांच्या नोकरीत असे किती केले ते त्यांनाही सांगता येणार नाही. घरी येताना बाहेरच्या मोरीत अंघोळ, कपडे वेगळे भिजवायचे, मग जेवण. त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. मी विचारायचे नाही, ते सांगायचे नाहीत.

मार्चमध्ये एका वस्तीवर शेततळ्यात दोन भावंडं बुडाली. मोठी नऊ वर्षांची, धाकटा सहा. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळलेला असतो, पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, लेकरांचं काय. ह्यांनी पंचनामा स्वतः लिहिला. बांधावर दोघांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या, ओळीत. मोठीच्या चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन लावलेली. ते सगळं लिहावं लागतं ना, 'एक जोड निळ्या रंगाची, जुनी वापरती, उजव्या पायाच्या पट्ट्यास पिन लावलेली'.

पहिले दहा-बारा दिवस काहीच नाही. मग रात्री तीनला उठून बसायला लागले. उठतात, पोरांच्या अंथरुणाशी जाऊन उभे राहतात, श्वास चालू आहे का बघतात. दारात चपला ओळीनं लावलेल्या दिसल्या की पायानं विस्कटतात. मुलीला वाटलं बाबा चिडलेत, ती आता चपला मागच्या दारी काढते. माझ्या भावाकडे वास्तुशांत होती, त्याच्या रानात शेततळं आहे. फाट्यावरनंच गाडी वळवली, म्हणाले ठाण्यातून फोन आला. फोन आलेला नव्हता. पूर्वी आठवड्यातून एकदा घ्यायचे, आता रोज क्वार्टर लागते.

'मला काय धाड भरलीय' म्हणतात. माझे प्रश्न एवढेच: असं बाकीच्यांना होतं का? हे बरं होतं का? आणि डॉक्टरकडे गेलं तर नोकरीवर काही येतं का?

लोहमार्ग | १२ मे, सकाळी ६.१५

ताई, होतं. मी मुंबईत लोहमार्ग पोलिसांत होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडं दिवसाची सुरुवातच स्टेशन मास्तरच्या मेमोनं. अमुक खांबाजवळ अपघात. हमाल आणि स्ट्रेचर घेऊन निघायचं, दोन्हीकडच्या गाड्या बघत रुळातून चालायचं, असेल ते गोळा करायचं. आजही मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात. प्रत्येकाला कुणीतरी उचलतो, प्रत्येकाचे खिसे कुणीतरी तपासतो.

लोक मला ११ जुलै २००६ विचारतात. सात डब्यांत स्फोट, दोनशेवर माणसं. मी होतो त्या दिवशी. पण खरं सांगतो, स्वप्नात ते येत नाही. त्या दिवशी सगळी मुंबई आमच्याबरोबर होती. झोपडपट्टीतली पोरं घरातल्या चादरी घेऊन धावत आली होती, त्यांनीच जखमी उचलले. कुणी पाणी दिलं, कुणी चहा दिला. माझ्या मनात बसलाय तो एकटाच एक माणूस, नाव सांगत नाही. त्याच्या खिशातला फोन वाजत होता. पडद्यावर 'घर'. उचलावा तरी काय सांगावं, नाही उचलावा तर परत वाजतो. मी उचलला. पलीकडून बाई म्हणाली, 'येताना कोथिंबीर आणा.'

अठरा वर्षं झाली. मंडईत कोथिंबिरीचा वास आला की मी दुसऱ्या गल्लीत जातो.

उपचार मी घेतला नाही. आमच्या वेळी कुणी सांगितलंच नाही की घेता येतो. तुम्ही घ्या.

जुना फौजदार | १२ मे, सकाळी ९.४०

सर्वांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. किल्लारीला मी होतो. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. रात्रभर मिरवणुकीचा बंदोबस्त करून आडवे झालो आणि चारच्या सुमारास जमीन हलली. पुढचे दिवस दगडमातीच्या ढिगाऱ्यातून माणसं काढली. सरणाला लाकूड पुरत नव्हतं, एका चितेवर किती ठेवले ते मोजणं सोडून दिलं. आम्हाला ना समुपदेशक होता ना सुट्टी. दसऱ्यापर्यंत पाय चिखलात. पण उभे राहिलो.

खाकी अंगावर चढवली की मन घट्ट करावं लागतं. आज जरा काही झालं की त्याला आजाराचं नाव देतात. मिस्टरांना चार दिवस गावाकडं न्या, देवदर्शन करा, आपोआप शमेल.

शवागारातून | १२ मे, दुपारी ३.०५

मी न्यायवैद्यकशास्त्राची डॉक्टर आहे, एका वैद्यकीय महाविद्यालयात. फौजदार काका, तुमच्या अनुभवापुढे मी लहान आहे, पण मन घट्ट करण्याबद्दल मला बोलायचं आहे, कारण आम्हाला पदव्युत्तर शिक्षणात नेमकं तेच शिकवतात आणि तेही नुसतं बघून बघून.

घट्टपणा चालतो, पण तो एका अटीवर: समोरचा देह परका राहिला पाहिजे. वजन, लांबी, जखमांची मापं, रंग, फुप्फुसातलं पाणी असं लिहीत गेलं की डोकं कामात राहतं. हा परकेपणा एखाद्या क्षुल्लक वस्तूनं तुटतो. मेंदीचा ताजा हात, दप्तराच्या कप्प्यातली अर्धी खाल्लेली चिक्की, ताईंनी लिहिलेली ती पिन. देहापेक्षा त्या वस्तूनं माणूस जवळ येतो आणि मग तो 'आपला' होतो.

याच्यावर फार आधी काम झालेलं आहे. १९८९ साली अमेरिकेच्या 'आयोवा' युद्धनौकेवर तोफखान्यात स्फोट होऊन ४७ खलाशी गेले. ते मृतदेह हाताळणाऱ्या ५४ जणांचा नंतर अभ्यास झाला. ज्यांच्या मनात 'हा माझा मित्र असता तर' असं येऊन गेलं, त्यांना पुढे जास्त त्रास झाला. तिथल्या शवागारांत मग कामाच्या काही रीती आल्या: चेहरा आणि हात विनाकारण न्याहाळू नका, नाव लागेल तेवढंच वापरा, मृताच्या खासगी वस्तूंची यादी करणारा माणूस वेगळा ठेवा. आपल्याकडे एकाच सहायक फौजदाराला देह बघायचा, चपला मोजायच्या आणि त्याच तासाला त्या आईचा जबाबही घ्यायचा. तिन्ही दारं त्याच्यासाठी एकदमच उघडतात. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १७४ असो की १ जुलै २०२४ पासूनचं नागरिक सुरक्षा संहितेतलं नवं १९४, त्यात मृताच्या अंगावरच्या खुणा कशा लिहायच्या ते आहे. लिहिणाऱ्याचं काय, त्यावर एक ओळ नाही.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट होते. चार-पाच वर्षांनी कोर्टाचं समन्स येतं. जे मी विसरायला शिकले ते स्वतःच्याच अक्षरात परत वाचायचं, आणि वकील प्रत्येक जखमेवर बोट ठेवून विचारतो. बालिकांच्या प्रकरणात साक्ष देऊन आले की त्या रात्री मी माझ्या मुलीजवळ झोपू शकत नाही. तिला हात लावावासा वाटत नाही. हे मी आज पहिल्यांदा कुठे तरी लिहिते आहे.

वर्धाकाठ | १२ मे, रात्री १०.३०

डॉक्टर, तुमचं लिहिणं वाचून राहवलं नाही. माझे बाबा विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्याच्या चिरघरात कामाला होते. कागदावर सफाईगार. प्रत्यक्षात कवटी उघडायचे तेच, छाती उघडायचे तेच, शिवायचे तेच. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दाराशी उभे राहून सांगायचे आणि लिहायचे. सगळे डॉक्टर असे नसतात हे मला ठाऊक आहे, त्या दवाखान्यात मात्र असंच होतं. आणि हे काम कुठल्या जातीच्या माणसांकडे पिढ्यान्‌पिढ्या येतं हे इथं कुणाला सांगायला नको. आजोबाही तेच करायचे.

प्रेत शिवायला दाभण आणि जाड दोरा असतो, पोत्याला घालतात तसा लांब टाका. बाबा मोठ्यांना तसंच शिवायचे. लेकरू असलं तर घरून आणलेला बारीक दोरा वापरायचे. गडबड करणाऱ्या शिपायाला म्हणायचे, 'लेकरू हाय ते, बारीक टाका घालू दे जराक. आई पाह्यते त्याले.' मी हे एकदा दाराबाहेरून ऐकलं. डबा द्यायला गेलो होतो, सातवीत असेन.

बाबा प्यायचे. आत जायच्या आधी प्यायचे. दवाखान्यात सगळ्यांनाच ते माहीत होतं आणि कित्येकदा बाटलीची सोय प्रेताच्या नातेवाइकांकडूनच केली जायची, 'त्याशिवाय हे काम होत नाही' म्हणून. गाव त्यांना बेवडा म्हणायचं. ५१ व्या वर्षी लिव्हरनं गेले. त्यांना झोप लागत नव्हती, हाताला वास येतो म्हणून ते जेवताना चमचा वापरायचे, तान्ह्या नातीला त्यांनी कधी उचललं नाही. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे हे त्यांना त्याच दवाखान्यातल्या एकाही माणसानं सांगितलं नाही. मानसोपचाराची ओपीडी चिरघरापासून दोनशे पावलांवर होती.

पोलिसांचं बोलता, डॉक्टरांचं बोलता, ते बोलायलाच पाहिजे. पण दाभण ज्याच्या हातात असते त्यालाही या धाग्यात जागा द्या.

शवागारातून | १२ मे, रात्री ११.१०

दादा, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. माझ्या चारही परिच्छेदांत आमच्या मदतनिसांचा उल्लेख नाही, आणि रोज मी त्यांच्याच भरवशावर काम करते. उद्या विभागात गेल्यावर पहिली त्यांच्याशी बोलेन.

निवडुंग | १३ मे, सकाळी ७.४५

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. चाफेकळी ताई, तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, ते मी करत नाही. पण तुम्ही लिहिलंय ते वाचून तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं देता येतील.

होतं का? होतं. १९८० साली 'पी.टी.एस.डी.' म्हणजे आघातोत्तर तणाव विकार हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या सूचीत आलं, तेव्हा डोळ्यांसमोर प्रामुख्यानं युद्धातून परतलेले सैनिक होते. २०१३ च्या आवृत्तीत त्यात स्पष्टपणे लिहिलं गेलं की ज्यांना कामाचा भाग म्हणून अशा घटनांचे भीषण तपशील पुन्हा पुन्हा पाहावे-ऐकावे लागतात, त्यांनाही हा विकार होऊ शकतो. उदाहरण म्हणून तिथं मानवी अवशेष गोळा करणारे आहेत आणि बालअत्याचाराचे तपशील सतत ऐकणारे पोलीस आहेत. म्हणजे लोहमार्ग काका, वर्धाकाठ यांचे बाबा आणि तुमचे मिस्टर, तिघांचंही काम त्या व्याख्येत बसतं.

लक्षणांचे चार गट असतात. नको असताना आठवण घुसणे, म्हणजे स्वप्नं, दचकून उठणे. टाळणे: शेततळ्याचा रस्ता, चपलांची ओळ, कोथिंबीर. मन आणि विचार काळवंडणे: अपराधी वाटणे, जवळच्यांपासून तुटणे, लेकराला जवळ न घेता येणे. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असणे: चिडचिड, झोप न लागणे, पोरांचा श्वास तपासणे. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि घर-नोकरी त्यात अडखळायला लागली की दाखवायची वेळ झाली. मार्च ते मे, वेळ झालेली आहे.

बरं होतं का? बहुतेकांना चांगला फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली आघातासाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यात दोन मुख्य आहेत. एक, आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार. त्याचाच एक प्रकार म्हणजे सुरक्षित जागी, थेरपिस्टसमोर, डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात पहिल्यापासून सांगायची, पुन्हा पुन्हा. ते रेकॉर्ड करून घरी ऐकायचं. आणि टाळलेल्या गोष्टींची शिडी करून सोप्या पायरीपासून त्यांच्याजवळ जायचं. साधारण आठ ते पंधरा बैठका, दीड-दीड तासाच्या. दुसरा ई.एम.डी.आर., १९८७ पासून फ्रान्सिन शपिरो यांनी विकसित केलेला. त्यात आठवण मनात धरून डोळे थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे फिरवायचे असतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याच्या बाजूनं पुरावा आहे.

औषधांत सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन उपयोगी पडतात, रोज, काही महिने. एक कळकळीची विनंती: झोपेसाठी मेडिकलमधून आणलेल्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या नकोत. त्या चार दिवस झोपवतात आणि मूळ दुखणं तसंच ठेवून सवय लावतात. दारूचंही तेच. दारूनं गाढ झोप लागल्यासारखी वाटते, पण पहाटेची झोप तुटते, आणि तीनला जाग येणं वाढतं. एकदम बंद करू नका, रोजची असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली कमी करायची.

आणखी एक. मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्या पथकाला एकत्र बसवून, एकाच बैठकीत प्रत्येकाला 'काय पाहिलं ते सांगा' म्हणायची पद्धत काही ठिकाणी आहे. हेतू चांगला, पण अभ्यासांत तिनं पुढचा त्रास टळलेला दिसला नाही, काहींना उलट वाढला. पहिल्या दिवसांत जेवण, झोप, घरच्यांशी गाठ, आणि ज्याला बोलायचं त्याला ऐकणारा कान एवढं पुरतं. महिन्यानंतरही ज्याला त्रास आहे त्याला मात्र नीट उपचार हवा.

नोकरीचं: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नं गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्या मिस्टरांच्या संमतीशिवाय आम्ही ठाण्याला कळवू शकत नाही, कायद्यातले मोजके अपवाद सोडून. खात्यातल्या कुजबुजीची भीती खरी असते, ती मी नाकारत नाही. म्हणून पुष्कळ जण दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन दाखवतात. तसं केलं तरी चालेल.

चाफेकळी | १३ मे, रात्री ११.२०

डॉक्टर, तुमचं लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं नाही. फोन त्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. लोहमार्ग काकांचं वाचून ते बराच वेळ फोन धरून बसले होते. मग म्हणाले, 'कोथिंबीर म्हणाली ती?' एवढंच.

शेक्सपियरच्या गावची | १४ मे, पहाटे ४.१०

इंग्लंडमधून लिहिते आहे. इथं मृत्यूची चौकशी कॉरोनर करतो. हे पद ११९४ पासूनचं. आपल्या मुंबईतही कॉरोनर होता, १९९९ मध्ये ते पद बंद झालं. मी एका कॉरोनरच्या कचेरीत काम करते. मी एकही मृतदेह पाहत नाही. माझ्याकडे फोन आणि कागद. कुटुंबाला कळवायचं, त्यांचं म्हणणं टिपून घ्यायचं, मृताची शेवटची पत्रं आणि निरोप वाचून फाइलमध्ये लावायचे.

'तू तर नुसतं टेबलावर बसतेस' असं मीच मला सांगत राहिले. दोन वर्षांनी असं झालं की नवरा संध्याकाळी पाच मिनिटं उशिरा आला तरी मी मनात त्याच्या फाइलची पहिली ओळ रचत असे. वय, उंची, शेवटचा कुणी पाहिला. मी ई.एम.डी.आर. घेतला, नऊ बैठका. आठवणी गेल्या नाहीत, पण त्या आता मागच्या खोलीत असतात. पूर्वी समोर येऊन बसायच्या.

हे अशासाठी लिहिलं की ठाण्यात जबाब टाइप करणारी, पी.एम. रिपोर्टची नोंद घेणारी, गावात मातामृत्यू नाहीतर बालमृत्यू झाल्यावर घरच्यांना प्रश्न विचारून फॉर्म भरणारी नर्स, यांनाही कानांवाटे तेच होतं.

माणदेशी | १४ मे, दुपारी १.००

दाखवायचं कुठं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तिथं दाखवता येतं. शेतकरी आत्महत्यांसाठी आलेला 'प्रेरणा प्रकल्प' ज्या जिल्ह्यांत आहे तिथं समुपदेशक मिळतो. फोनवर बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं, फुकट. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. मी स्वतः वेगळ्या कारणासाठी लावला होता, पलीकडच्या बाईनं घाई केली नाही. मात्र डॉक्टरांनी सांगितलेली थेरपी शिकलेला माणूस तालुक्याला मिळत नाही, पुणे-ठाणे-नागपूर गाठावं लागतं. ही खरी अडचण आहे.

जुना फौजदार | १५ मे, सकाळी ५.३०

दोन दिवस विचार करून लिहितो आहे. सौभाग्यवतीनं धागा वाचला आणि मला विचारलं, 'तुम्ही त्र्याण्णवपासून घरात का झोपत नाही ते लिहिलंत का?'

मी पडवीत झोपतो. पावसात सुद्धा. लातूर सोडल्यावर चार बदल्या झाल्या, चार क्वार्टर्स झाली, पाचवं स्वतःचं घर आरसीसीचं बांधलं, इंजिनिअरकडून भूकंपाचा हिशेब करून घेतला. तरी आत पाठ टेकत नाही. मी याला सवय म्हणत होतो. नातवंडं 'आजोबांना गरम होतं' म्हणतात.

मला या वयात उपचार नकोत, माझं चाललंय. पण मी वर जो सल्ला दिला तो मागे घेतो. ताई, देवदर्शनावर थांबू नका.

वर्धाकाठ | १५ मे, सकाळी ८.००

काका, तुम्हाला नमस्कार.

चाफेकळी | ९ जून, रात्री १०.४५

धागा वर आणते आहे. आम्ही शेजारच्या जिल्ह्यात दाखवलं. डॉक्टरांनी सर्ट्रालिन सुरू केलं, दारू कमी करण्याचा तक्ता दिला आणि आठवड्यातून एकदा पुण्याला थेरपीला जायला सांगितलं. पहिल्या दोन बैठकांत नुसती ओळख आणि माहिती. तिसरीला त्यांनी डोळे मिटून सगळं सांगितलं. परत येताना एस.टी.त एक शब्द बोलले नाहीत आणि त्या रात्री झोप आणखी बिघडली. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सुरुवातीला थोडं वाढतं, जखम धुताना दुखतं तसं, थांबू नका.

आता रोज जेवणानंतर कानात हेडफोन घालून स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकतात, पाऊण तास. मी पोरांना बाहेर नेते. पहिल्या दिवशी घामानं बनियन भिजलं होतं.

एक गोष्ट बैठकीत कळली, ती मलाही नव्हती माहीत. त्यांना रडू चपलांमुळे नव्हतंच. पंचनाम्यात 'पिन लावलेली' लिहून झाल्यावर त्या मुलीच्या आईनं विचारलं होतं, 'साहेब, पिन काढून देता का, माझीच आहे ती.' मुद्देमाल म्हणून त्यांनी नाही सांगितलं. तीन महिने ते 'नाही' त्यांच्या डोक्यात वाजत होतं.

निवडुंग | १० जून, सकाळी ७.१०

ताई, या उपचारात बऱ्याचदा असंच होतं. वरवर दिसणाऱ्या भीतीखाली एखादा अपराधाचा काटा सापडतो. तो सापडला म्हणजे काम योग्य जागी पोचलं. औषध मनानं बंद करू नका, बरं वाटलं तरी.

शवागारातून | १० जून, रात्री ९.३०

माझ्याकडूनही एक. आमच्या विभागातल्या तीन मदतनिसांना मानसोपचार विभागात तपासून घेतलं, ओपीडीच्या रांगेत न बसवता. एकाचे उपचार सुरू झाले. लहान मुलांसाठी बारीक दोऱ्याची वेगळी मागणी स्टोअरला लिहून दिली आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही, मग लिहिलं, 'आई पाहते.' मंजूर झाली.

वर्धाकाठ | १० जून, रात्री ९.५८

ताई, हे मी आईला वाचून दाखवलं. ती बाबांच्या फोटोकडे बघत बसली आहे. अजून काही लिहवत नाही.

चाफेकळी | २ ऑगस्ट, रात्री ११.०५

दहा बैठका झाल्या. शिडीच्या वरच्या पायऱ्या आल्या होत्या. आधी चपलांच्या दुकानात अर्धा तास, मग लांबून शेततळं, मग माझ्या भावाच्या शेततळ्याच्या बांधावर. तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा पाचच मिनिटं उभे राहिले. तिसऱ्या वेळी जाताना बाजारातनं नायलॉनची दोरी आणि ट्यूब घेऊन गेले, भावाला सोबत घेऊन चारी कोपऱ्यांना दोऱ्या सोडल्या, गाठी स्वतः मारल्या. आता तालुक्यात ज्यांच्या ज्यांच्या शेततळ्याला कुंपण नाही त्यांच्याकडे सुट्टीच्या दिवशी जातात.

पूर्ण बरं झालं असं मी म्हणणार नाही. तीनला जाग अजून कधी कधी येते. दारू आता नाही. मुलगी परत पुढच्या दारी चपला काढते.

पिनेचं: प्रकरण निकाली निघालं, अंतिम अहवाल मंजूर झाला, तेव्हा रीतसर पावती करून वस्तू आईला परत दिल्या. हे स्वतः गेले होते. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

काल परत एक ए.डी. होता, मोटारीच्या विजेचा. रात्री आले, बाहेर अंघोळ केली, कपडे भिजवले. मी ताट वाढायला घेतलं तर म्हणाले, 'जेवण राहू दे जरा. बस, सांगतो.' मी गॅस बंद केला.